पंचनाम्याला आलेली सवाष्ण

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पहिली आली ती आवडाबाई. पुरणाचा टोप दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि दारातूनच सुरू, "हौसे, तुझं डोकं फिरलंय काय गो? पंचनाम्याच्या आधी कोण घर धुतो?"

मी म्हणलं, आधी टोप खाली ठेव, मग भांड.

आवडाबाई आमची घरमालकीण. चाळ तिची, आणि चाळीच्या मागे तिचं तीन मजली घर. सासऱ्यांची मिठागरं होती, आता त्या जागेवर टॉवर उभे राहिले. पण बाईला गर्व नाही. मंगळवारी दुपारी खाडीचं पाणी चाळीत शिरलं तेव्हा सगळ्यांना तिनेच वर ओढून नेलं. आमच्या ह्यांना तर बकोटीला धरून नेलं, कारण हे रेडिओ घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हते. पाणी आमच्या खिडकीच्या कठड्याला लागलं. कल्याणात इतकी वर्षं काढली, पण रेतीबंदराकडून एवढं पाणी आलेलं मी एकदाच बघितलं, तेव्हा साईनाथ कडेवर होता. आता त्याला टक्कल पडलंय. गाद्या, पिठाचा डबा, माझ्या नातीची, सान्वीची कॉलेजची पुस्तकं, सगळ्याचा लगदा. गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरातून तरंगत बाहेरच्या खोलीत येऊन बसला, पाहुण्यासारखा. मला हसू आलं. साईनाथ चिडला, "आई, हसतेस काय?" मग काय करू? रडून अजून पाणी वाढवू?

बुधवारी पाणी उतरलं. काल मी घर धुवायला काढलं. अख्खी चाळ म्हणाली थांबा, तलाठी येणार, सरकारची मदत मिळणार कपड्याभांड्यांना, त्यांना चिखल दिसायला पाहिजे. माझं म्हणणं वेगळं. आज श्रावणातला शेवटचा शुक्रवार. जिवतीचा कागद देवाशेजारी भिंतीवर, पाण्याच्या वर राहिला, घरात तेवढाच एक कोरडा. तिच्या पायाखाली गटाराची भिंत ठेवून तिला पुरणाचे दिवे ओवाळू? आणि माणूस येणार म्हणून घाण राखून ठेवायची ही कुठली रीत? आम्ही तर माणूस येणार म्हणून झाडतो. रुचिताने, म्हणजे सुनेने, ब्लीचिंग टाकून फरशी घासली. गणपतीसाठी आणलेला रंगाचा डबा माळ्यावर होता म्हणून वाचलेला. साईनाथ बाळकुमला एका सोसायटीत मेंटेनन्सचं बघतो, त्याला असल्या कामाची सवय. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, धरत नाही म्हणत त्याने सगळीकडे हात मारला. घर असं झालं, जसं काही झालंच नाही.

पुरण आवडाबाईच्या शेगडीवर शिजवलेलं. आता अडलं सवाष्णीपाशी. जिवतीला बाहेरची एक तरी सवाष्ण जेवून जायला पाहिजे. चाळीतल्या बायका कोणी नातेवाइकांकडे गेलेल्या, कोणी चिखल उपसत होत्या. खडवलीची माझी बहीण येते म्हणालेली, तर तिच्याच दारात पाणी. आवडाबाईला मी दर वर्षी म्हणते, तू बस. ती म्हणते, मालक गेल्यावर मी कसली सवाष्ण गो. मी म्हणते, देवीला विचारलंस का? ती ऐकत नाही. हे म्हणाले, "नैवेद्य दाखव आणि मला वाढ." ह्यांचं सगळं सोपं असतं.

तेवढ्यात दारात तलाठी मॅडम!

एवढीशी पोर. पंजाबी ड्रेस, गुडघ्यापर्यंत गमबूट, गळ्यात बारीक मंगळसूत्र. मागे कोतवाल गुणाजी, छत्री आणि फाइल घेऊन. मॅडमचं नाव दर्शना. चाळीतली बाकीची घरं करून आलेली, आमचं शेवटचं. दारातली रांगोळी बघून थबकलीच.

"आजी, इथे पाणी आलेलं ना?"

"आलेलं की. खिडकीपर्यंत."

"मग हे..."

"मग धुतलं. तुम्ही येणार ना!"

तिने गुणाजीकडे बघितलं, गुणाजीने छताकडे. रुचिताने बाहेर टाकलेल्या गाद्या दाखवल्या, फुगलेलं पीठ दाखवलं. आवडाबाई पंच म्हणून सहीला उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, हिच्या घरात पाणी होता, मी माझ्या गॅलरीतून बघितलाय. हिला फक्त अक्कल नाय." मॅडम हसली. सगळं लिहून घेतलं, सह्या झाल्या.

निघाली तसा मी तिचा हात धरला. म्हणलं, तुमचं काम झालं, आता माझं. ती नको नको म्हणाली, ड्युटीवर आहे म्हणाली. मी म्हणलं, बाय, ड्युटीवाल्यांना पोट नसतं का? पाटावर बसवली. पहिली पोळी लाजत खाल्ली, दुसरी मन लावून. तिसरी वाढायला गेले तर म्हणाली, "माझी आई पण अशीच, ताट रिकामं दिसलं की..." आणि तिथेच थांबली, घटाघटा पाणी प्यायली. दमलेली असणार, सकाळपासून चिखलात. गुणाजीने किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, नजर लागते.

कुंकू लावलं. ओटीला नारळ, तांदूळ, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत कोरडा राहिलेला हिरवा खण. ड्रेसवर ओटी घेणार कशात? ओढणी पसरली बिचारीने. सान्वीने फोटो काढला.

"आजी, ग्रुपवर टाकू?"

म्हणलं, टाक की. माझा पडका दात दिसत नाही ना, तेवढं बघ.


शनिवार, २३ ऑगस्ट

फोटो फार गाजला! चाळीच्या ग्रुपवर सान्वीने टाकला, तिथून कोणी कुठे, कोणी कुठे पाठवला. खडवलीला बहिणीने बघितला. डोंबिवलीच्या विहीणबाईंचा फोन, "हौसाबाई, एवढं पाणी येऊन गेलं आणि तुमचं घर आरशासारखं!" विहीणबाईंकडून चांगलं ऐकायला मला सान्वीचं वय एवढी वर्षं लागली. पोळा पण झाला म्हणे काल. इथे बैल कुठले. आमच्या जुन्नरकडे पोळ्याला घराघरात... जाऊ दे, ते लिहायला बसले तर पान पुरणार नाही.

दात दिसतोच आहे फोटोत.


सोमवार, २५ ऑगस्ट

गुणाजी आला. दारात उभा राहिला, आत येईना. म्हणलं, ये रे, चहा टाकते. तर दोन पावलं मागे गेला, जसं मी काठी उगारली.

"नको मावशी. चहा नको. त्या दिवशीच्या पोळ्यांनीच मरायची पाळी."

मग सांगितलं. माझा तो फोटो कोणीतरी वर ओळ लिहून पुढे पाठवला. ओळ अशी: बघा हे पूरग्रस्त, घरात चिखलाचा ठिपका नाही, तलाठ्याची ओटी भरा आणि सरकारचा पैसा घ्या. ते फिरत फिरत कचेरीत गेलं. आता आमच्या चाळीचे सगळे पंचनामे थांबवले. पुन्हा तपासणी होणार, त्यात आमचं घर खोटं ठरलं तर दर्शना मॅडमचं सगळंच लिहिलेलं खोटं धरतील. चाळीतल्या एकालाही मदत नाही, आणि तिची नोकरी नवीन, अजून पक्की पण नाही. तिच्याकडून लेखी खुलासा मागितलाय.

मी म्हणलं, गुणाजी, ओटी म्हणजे लाच कशी होईल? लाच माणूस गुपचूप देतो. मी तर पाटावर बसवून, दिवा लावून दिली, फोटो काढून.

तो म्हणाला, "हाच तर प्रॉब्लेम झाला मावशी."

फोटो साहेबांपर्यंत गेला कसा हे मला कळत नाही. आमच्या ग्रुपात तर कोणी साहेब नाही. रुचिता दिवसभर भांडी जोरात ठेवत होती. सान्वी जेवली नाही, पोटात दुखतंय म्हणाली. ओवा दिला. ओवा घेऊन रडायला लागली. म्हणलं, एवढा तिखट नाही गं ओवा.

समोरच्या समृद्धीने नुसतं विचारलं, "आजी, आमचं पण थांबलं का?" तिचं बाळ दोन महिन्यांचं, पाळणा वाहून गेलेला, बाळ अजून आवडाबाईच्या साडीच्या झोळीत. मला तिच्याकडे बघवेना.


मंगळवार, २६ ऑगस्ट

आज हरतालिका. रुचिताचा उपास, तरी म्हणाली, "आई, तुम्ही कचेरीत एकट्या जायचं नाही. तुम्ही तिथे काय बोलाल सांगता येत नाही." साईनाथला सुट्टी मिळेना. शेवटी सान्वी आली. रिक्षात माझा हात धरून बसलेली, लहानपणी धरायची तसा.

"आजी, सॉरी."

"कशाचं गं?"

"असंच."

गुणी पोर आहे. माझ्यामुळे तिला कॉलेज बुडवावं लागलं आणि सॉरी तीच म्हणते.

कचेरीत सर्कल साहेबांकडे पाठवलं. तलाठ्यांच्या वरचे. साहेब जाडे, चष्मा कपाळावर. कोपऱ्यात दर्शना मॅडम खाली मान घालून लिहीत होती, माझ्याकडे बघितलंच नाही तिने. आणि साहेबांच्या टेबलावर माझा हिरवा खण! कागदाला टाचून ठेवलेला. खुलाशात जोडलाय म्हणे. नारळ-तांदूळ वापरून संपले असंही तिने लिहून दिलंय. किती खरी पोर! मला त्या खणाची लाज वाटली, म्हणजे खणाची नाही, त्याला तिथे टाचलेलं बघून.

साहेब म्हणाले, "आजी, ड्युटीवरच्या माणसाला काही द्यायचं नसतं."

म्हणलं, साहेब, मी ड्युटीवरच्या माणसाला दिलं नाही. दारात आलेल्या सवाष्णीला दिलं. आता ती एकाच वेळी दोन्ही होती, त्याला मी काय करू?

"हे आधी विचारायचं होतं ना."

"कोणाला? देवीला विचारलं, ती काही बोलली नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि श्रावणी शुक्रवारी माझ्या दारातून सवाष्ण उपाशी गेली असती."

सान्वी माझा पदर ओढत होती. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खण उलटा करून बघितला. मग म्हणाले, "मला सांगा, पाणी आलेलं हे मी कशावरून धरू? फोटोत घर माझ्या घरापेक्षा स्वच्छ दिसतंय."

मी म्हणलं, तुमच्या मिसेस नोकरी करत असतील.

साहेब हसले नाहीत. बाकीचे मान खाली घालून हसले. साहेब म्हणाले, शुक्रवारी मी स्वतः येणार, मॅडमना घेऊन. "आणि आजी, नीट ऐका. चहा नाही, पाणी नाही, हळद नाही, कुंकू नाही. मी तुमच्याकडे पाहुणा म्हणून येत नाहीये."

आयुष्यात मला असं कोणी बोललं नव्हतं. घरी येणार आणि पाहुणा नाही!

निघताना मॅडमच्या टेबलाजवळून गेले. तिचाही उपास असणार आज. ओठ सुकलेले. माझ्या पिशवीत केळी होती. हात पिशवीत गेला आणि तसाच बाहेर काढला. देवा, काय शिकवतोयस तू मला ह्या वयात.


बुधवार, २७ ऑगस्ट

बाप्पा आले. छोटी मूर्ती, दरवर्षीचीच. मखराला पैसे नाहीत म्हणून साईनाथने पुठ्ठ्याचं केलं आणि आवडाबाईने तिच्या कुंडीतली झेंडूची फुलं सगळी खुडून आणली. समृद्धी बाळाला घेऊन आरतीला आली. मी बाप्पाला एवढंच म्हणलं, मला काही नको, माझ्या हाताने त्या पोरीचं वाईट नको. आज जास्त लिहायला वेळ नाही, मोदक राहिलेत.


शुक्रवार, २९ ऑगस्ट

आधी सगळं सांगते, नाहीतर विसरेन.

सकाळपासून घरात माझी शाळा. साईनाथ म्हणाला, "आई, तू खुर्चीवर बसायचं आणि उठायचं नाही." रुचिता म्हणाली, "पाण्याचा तांब्या मी आत ठेवलाय." सान्वीने फोन बंद करून पिठाच्या नव्या डब्यात ठेवला, का ते तिलाच माहीत. हे म्हणाले, "हौसे, जरा गप्प बस एक दिवस." लग्नानंतर दुसऱ्यांदा हे मला नावाने बोलले.

साहेब आले, मॅडम आली, गुणाजी. चाळीतली सगळी माणसं बाहेर उभी. बाप्पा समोर, मोदकाचं ताट झाकलेलं, दारात माणसं, आणि मी हात मांडीखाली दाबून बसलेली. जन्मात एवढं अवघड काम केलं नाही. बाळंतपण बरं.

साहेबांनी बाप्पाला हात जोडले आणि कामाला लागले. भिंतीवर नख मारून रंग काढला. खाली नुसती ओल.

"ओल काय, पावसाची पण असते," म्हणाले.

मॅडम म्हणाली, "सर, गाद्या बाहेर होत्या, पीठ..."

"ते तुम्ही लिहिलंयत. मला भिंतीवर दाखवा."

साईनाथ घसा फोडून सांगत होता. आवडाबाई तिच्या गॅलरीकडे बोट दाखवून सांगत होती. साहेब ऐकत होते आणि कागदावर काही लिहीत नव्हते. मॅडमचं तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, संपलं. ह्या पोरीचं संपलं, चाळीचं संपलं, आणि सगळं माझ्या एका झाडूमुळे.

मग साहेब लोखंडी कपाटापाशी थांबले. "हे हलवलेलं का रंग देताना?"

साईनाथ म्हणाला, "नाही साहेब, लय जड आहे, दारं आवळलीयेत, आत ओले कपडे. त्याच्या बाजूनेच रंग फिरवला."

आणि मी ओरडले, "नको नको, ते राहू द्या!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी चष्मा खाली घेतला. "का राहू द्या, आजी?"

काय सांगणार? बाप्पा बसलेत समोर, एवढंच म्हणलं. साहेबांचा संशय अजून वाढला. "हलवा," म्हणाले.

साईनाथ, गुणाजी, आणि बाहेरची दोघं-तिघं लागली. कपाट कण्हत कण्हत पुढे आलं.

काय सांगू! मागे सगळी भिंत खिडकीच्या कठड्यापर्यंत काळीकुट्ट. वर सरळ रेघ, पट्टी धरून मारल्यासारखी. तिच्याखाली गवताच्या काड्या, प्लास्टिकची पिशवी, सान्वीच्या पुस्तकाचं चिकटलेलं पान, आणि मधोमध खाडीतला एक बारका खेकडा, वाळलेला, नांग्या वर करून. भर गणपतीत! साहेबांसमोर, मॅडमसमोर, चाळीसमोर! मी पदर तोंडावर घेतला. रुचिताला म्हणलं, तुला सांगितलं होतं मागून पण काढ म्हणून. ती म्हणाली, "आई, तुम्ही मला कधी सांगितलं?" खरं म्हणजे नव्हतं सांगितलं.

साहेबांनी मोबाइल काढला.

"साहेब, फोटो नका काढू हो! लोक काय म्हणतील?"

"आजी, बाजूला व्हा. हाच फोटो पाहिजे मला." जवळून काढला, लांबून काढला, मॅडमला रेघेशेजारी उभी करून काढला. मॅडम हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. सान्वी मागून येऊन माझ्या गळ्यातच पडली आणि भोकाड पसरलं तिने. खेकड्याला एवढं काय घाबरायचं.

आवडाबाई म्हणाली, "हौसे, एवढी वर्षं बघते तुला, तुझ्या घरात घाण पहिल्यांदा बघितली. बरी जागा सोडलीस!"

साहेबांनी तिथेच कागदावर लिहिलं, मोठ्याने वाचलं: पाणी आल्याची खात्री झाली, चाळीचे सर्व पंचनामे बरोबर, पुढे पाठवावेत. सही केली. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग समृद्धीचं बाळ दचकून रडलं, मग सगळे हसले.

साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "आजी, पाणी मिळेल का?"

मी साईनाथकडे बघितलं. साईनाथने मान हलवली, नाही. रुचिताने डोळे मोठे केले. मॅडमने छताकडे बघितलं, गुणाजीसारखं.

"अहो पाणी चालतं," साहेब म्हणाले.

मी उठले ती धावतच. गुडघा आठवला तो परत येऊन बसल्यावर. साहेबांनी तांब्या रिकामा केला, आणि स्वतःच्या हाताने ताटावरचं झाकण काढून एक मोदक उचलला. म्हणाले, "हा तुमचा नाही, हा ह्यांचा," आणि बाप्पाकडे बोट केलं. मग मॅडमला पण घ्यायला सांगितलं. तिने दोन घेतले.

जाताना साहेब म्हणाले, "आजी, एक ऑर्डर. वरून मंजूर होऊन येईपर्यंत ती भिंत धुवायची नाही. कोणी परत विचारलं तर दाखवायला राहू दे. कपाट पण असंच बाहेर."

म्हणलं, साहेब, सोमवारी गौरी जेवणार! हळदीकुंकवाला बायका येणार, आणि ही भिंत अशी?

"अशीच."

मॅडम चपला घालताना रेंगाळली. म्हणाली, "आजी, तुमच्याकडचं माझं काम संपलं आता. तलाठी म्हणून मी परत येणार नाही." मग म्हणाली, "म्हणून सोमवारी येते. ऑफिस सुटल्यावर. चालेल ना?" साहेब दाराबाहेर थांबलेले, ते तिथूनच म्हणाले, "मिसेसना मी पण घेऊन येतो. त्यांना बघायचंय नोकरी न करणाऱ्यांचं घर कसं असतं."

ती भिंत आत्ता माझ्यासमोर आहे. तीनदा फडकं हातात घेतलं आणि तीनदा ठेवलं. खेकडा पण तसाच आहे. रुचिता म्हणते पुढे साडीचा पडदा लावू, हे म्हणतात राहू दे, बघू दे बायकांना. मला झोप लागायची नाही, पण ऑर्डर ती ऑर्डर.

साहेबांचं कुटुंब आणि दर्शना मॅडम, सोमवारी, एक तारखेला, संध्याकाळी.